ट्री मॉनिटर आली कुठून, ते आधी छापा



गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत एका हौशी तरुणाच्या घरातील निळ्या ट्री मॉनिटरवर, म्हणजे झाडावर राहणाऱ्या घोरपडीवर, पानभर लेख आला. काचेची पेटी, धुके सोडणारे यंत्र, दिव्यांची वेळ, खाण्याचा महिन्याचा खर्च, सारे तपशीलवार दिले होते. ती घोरपड आली कुठून, याला मात्र अर्धेच वाक्य मिळाले: ‘पिंजऱ्यात जन्मलेली, कागदपत्रांसह’. वार्ताहराने ते कागद पाहिले का? पाहिले असतील तर निर्यात परवान्यावर कोणता संकेत होता? लेख याविषयी गप्प आहे, आणि खरा वाद तर तिथेच आहे.

ही निळी घोरपड इंडोनेशियातील राजा अम्पात द्वीपसमूहातल्या बटांटा बेटावरची. बेटाचे क्षेत्रफळ साधारण ४५० चौरस किलोमीटर, जवळजवळ मुंबई महापालिकेच्या हद्दीएवढे. बोमे आणि याकोब्स या जर्मन संशोधकांनी २००१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि व्हॅरॅनस मॅक्रेई हे नाव दिले. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला एवढी मागणी आली की डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने २४० दिवसांसाठी तातडीने तिला ‘संकटग्रस्त’ यादीत घातले. अमेरिकेत ही घोरपड रानात कुठेच नाही. तरी त्या देशाला असे पाऊल उचलावे लागले, कारण तिचे मोठे गिऱ्हाईक तिथेच होते.

आता ‘पिंजऱ्यात जन्मलेली’ याविषयी. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ करारानुसार परवान्यावर प्राण्याचा स्रोत एका अक्षरात लिहितात. रानातून पकडलेल्याला ‘डब्ल्यू’, कैदेत पैदास झालेल्याला ‘सी’, आणि कैदेत जन्मूनही पैदाशीच्या पूर्ण अटीत न बसणाऱ्याला ‘एफ’. निळीच्या जवळच्या नात्यातल्या हिरव्या ट्री मॉनिटरला इंडोनेशियात १९९९ पासून कायद्याचे संरक्षण आहे. ती रानातून पकडून विकता येत नाही. म्हणजे कायदेशीर व्यापारात यायचे तर तिला कागदावर पैदास केंद्रातच जन्म घ्यावा लागतो. ते अक्षर कितपत खरे असते, हे याच भागातल्या हिरव्या अजगराच्या उदाहरणावरून कळते. जेसिका लायन्स आणि डॅनियल नॅटुश यांनी पापुआ आणि मालुकू भागात फिरून व्यापाऱ्यांकडील अजगरांची पाहणी केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला: पैदास केंद्रांच्या नावावर परदेशी जाणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के रानातून पकडलेले होते.

८० टक्के! दर पाचांत चार. अजगराची मादी एका वेळी डझनावारी अंडी घालते, तरीही ही अवस्था. ट्री मॉनिटर एका खेपेला मोजकीच अंडी घालते, ती उबायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, आणि कैदेत मादी अंडी अडकून मरण्याचा धोका कायम असतो. जर्मनीतील कोलोन आणि चेक प्रजासत्ताकातील प्ल्झेन या मुरलेल्या प्राणिसंग्रहालयांत निळ्या घोरपडीची पिल्ले झाली, तेव्हा त्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे पशुवैद्य, उबवणी यंत्रे आणि पगारी देखभाल आहे त्यांच्याकडेही जी गोष्ट निबंधाचा विषय ठरते, ती निर्यातदाराच्या शेडमध्ये गठ्ठ्याने घडते, यावर कोणी का विश्वास ठेवावा? झाडावर चढून घोरपड धरायला पोराला दिलेले चार पैसे पैदाशीच्या खर्चापुढे काहीच नाहीत. हिशेब सरळ आहे.

कैदेतल्या प्राण्यांकडून काही शिकायला मिळत नाही, असे कोणी म्हणत नाही. आरू बेटांवरच्या काळ्या ट्री मॉनिटरचे उदाहरण फार सुंदर आहे. भोकात दडलेला किडा तोंडाला येत नाही असे दिसले की ती पुढचा पाय आत घालते, बोटांनी चाचपते, नखाने ओढून बाहेर काढते. मेंडिक आणि हॉर्न यांनी २०११ मध्ये याची नोंद केली, ती कैदेतल्या घोरपडींना बारकाईने पाहूनच. पण असे ज्ञान चिकाटीने टिपणे ठेवणाऱ्या अभ्यासकांमुळे मिळते. दिवाणखान्यात पाहुण्यांना दाखवायला आणलेल्या जनावरामुळे मिळत नाही. याच मेंडिक यांनी उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक घोरपडी आपल्या जातीच्या शक्य आयुष्याच्या खूप आधीच मेल्याचे आढळले. प्राणिसंग्रहालयांची ही गत, तर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची काय असेल?

पुरवणीतले मोठे छायाचित्र पुन्हा नीट पाहावे. घोरपडीच्या नाकाच्या टोकावरची निळी कातडी घासून गुलाबी झाली आहे. काचेवर दिवसभर तोंड घासणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यात ही जखम नेहमी दिसते. छायाचित्राखाली ओळ आहे: ‘घरात छान रुळली.’

आपल्या सरकारनेही हा प्रश्न विचारण्याचे टाळलेच आहे. २०२० च्या स्वयंघोषणा योजनेत, परदेशी प्राणी सहा महिन्यांत जाहीर करणाऱ्याने तो कुठून आणला याचा एकही कागद दाखवायची गरज नव्हती. म्हणजे चोरवाटेने आलेला प्राणी घरबसल्या अधिकृत झाला. वन्यजीव कायद्यातील दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू झाली, नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करायला सांगितले गेले. नोंदणी हवीच. पण या साऱ्या काळात मुंबई विमानतळावर काय चालले होते? डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. जून २०२५ च्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एकाच्या सामानात ४७ विषारी साप निघाले. पकडले गेले ते बातमीत आले. निसटले त्यांचा जन्म आज कुणाच्या तरी कागदावर पिंजऱ्यातच झालेला असणार.

जाता जाता आपल्या मातीतल्या घोरपडीबद्दलही लिहायलाच हवे, कारण तिच्यावर पुरवणीत पान निघत नाही. ती कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला मारणाऱ्याला किमान तीन वर्षे कैद आहे, आणि तरीही तिच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्था जोडी’ नावाची दुर्मीळ मुळी म्हणून विकले जाते. २०१७ मध्ये हा बनाव जगापुढे उघड झाला. तरी तो माल धनलाभाच्या आशेने देव्हाऱ्यात ठेवणारी सुशिक्षित घरे आजही आहेत. गोव्यातल्या घुमटवादकांनी घोरपडीचे कातडे सोडून बकऱ्याचे कातडे स्वीकारले. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. वाद्याचे त्यात काही बिघडले नाही. मग धनलाभाच्या नावाने घोरपड मारण्याला कुठले निमित्त उरते?

आपल्या वृत्तपत्राने दोन गोष्टी कराव्यात. त्या घोरपडीच्या निर्यात परवान्यावरचे स्रोताचे अक्षर, निर्यातदार देश आणि भारतातील आयातीची तारीख छापावी. कागद नसतील तर तेही छापावे. आणि महाराष्ट्रात ट्री मॉनिटरच्या किती नोंदी ‘परिवेश’वर झाल्या, त्यांतल्या किती नोंदींसोबत आयातीचा परवाना जोडलेला आहे, हे मुख्य वन्यजीव रक्षकांना माहिती अधिकारात विचारावे.

– एक वाचक, ठाणे