तार सप्तकातला रे

वसईतल्या काही महाविद्यालयीन मुलांनी काढलेला संगीताचा अंक या आठवड्यात पाहिला. काळ्या मुखपृष्ठावर इलेक्ट्रिक गिटार, वर लाल, सावली दिलेलं नाव. 'रोलिंग स्टोन' आठवावा हीच इच्छा असणार. गंमत म्हणजे नोव्हेंबर १९६७ मधला त्याचा पहिला अंक साध्या वृत्तपत्री कागदावर निघाला होता. असो. मुखपृष्ठाला दहापैकी सहा.

खरी परीक्षा आत, बंदिशीच्या पानावर. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर. मुलांनी हे सारं लेखाच्याच फॉन्टमध्ये, लेखाच्याच दाटीत बसवलंय. त्यामुळे तार सप्तकातला रे सरळ 'रें' वाचला जातो. स्वरांखाली गीताचे शब्द येतात. तिथे मंद्राचा बिंदू खालच्या अक्षरावर अनुस्वार होऊन बसतो. विभागाच्या दांड्या एकाखाली एक नाहीत, म्हणून तीनतालाचे चार-चार मात्रांचे खण दिसत नाहीत आणि सम शोधावी लागते. सोळा सारख्या घरांचा तक्ता आखला असता तर निम्मं काम झालं असतं. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या टेम्प्लेटमधलं ओळींचं अंतर तिला पुरत नाही. इथे तर त्यावर ठिपक्यांचीही भर.

लग्नातल्या ब्रास बँडवरच्या जोडपानाला मात्र पैकीच्या पैकी. ट्रॉम्बोनची नळी डाव्या पानावरून उजव्या पानावर गेलीय, पण पिनेच्या जागी कुणाचाही चेहरा येऊ दिलेला नाही. प्रत्येक छायाचित्राखाली वाद्याचं नाव आहे. एवढं भान मोठ्या दिवाळी अंकांतही कमीच दिसतं.

तारप्यावरचा लेख चांगला, चौकट मात्र खटकली. वारली चित्रात तारपा नाच वादकाभोवती वळत जातो. इथे त्या नाचणाऱ्यांची कापून सरळ पट्टी केलीय आणि पानाच्या चारी कडांना लावलीय. वादकच गायब! आपल्याकडे वारली चित्र म्हटलं की लगेच किनार सुचते, हॉटेलच्या मेन्यूपासून लग्नपत्रिकेपर्यंत. पालघर जिल्ह्यातल्या मुलांनी तरी हा मोह टाळायला हवा होता.

पुढच्या अंकात नाच पानभर येऊ द्या, मजकूर हवा तर कोपऱ्यात सरकवा. आणि बंदिशीचं पान छपाईला देण्याआधी एखाद्या गाणाऱ्याला समोर बसवून त्यावरूनच गायला सांगा. तो जिथे अडखळेल, तिथे पेन्सिलीने खूण करा.