जंगलातल्या रस्त्याला कोणता मोड?

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या तरुणांच्या तोंडी अलीकडे एक नवा शब्द आला आहे: मोड. पूर्वी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न असायचा, "ॲव्हरेज किती देते?" आता विचारतात, "मोड किती आहेत?" रेन, अर्बन, स्पोर्ट, ट्रॅक. शोरूममधला माणूस बटण दाबतो, मीटरच्या पडद्याचा रंग बदलतो आणि बघणारा तिथेच अर्धा पटतो. माझा भाचा सध्या याच नादात आहे. "मामू, तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?" असं त्याने विचारलं, म्हणून मी या गाड्यांची माहिती नीट बघितली. माझं मत असं झालं की आपल्या भागात गाडी घेताना तिच्या सगळ्यात वरच्या मोडला भुलू नये. सगळ्यात खालचा मोड बघावा आणि त्यावरच गाडी जोखावी.

आधी हे बटण करतं काय ते समजून घेऊ. जुन्या गाडीत ॲक्सिलेटर पिळला की केबल ओढली जायची आणि इंजिनात हवा जाणारी झडप तेवढीच उघडायची. मोड असलेल्या बहुतेक नव्या स्पोर्ट्स गाड्यांत ही केबल नसते. मूठ किती पिळली हे सेन्सर मोजतो आणि झडप किती उघडायची हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. मोड बदलला की त्या संगणकाचा हिशोब बदलतो.

पण सगळ्यांचा हिशोब सारखा नाही, आणि इथेच गिऱ्हाईक फसतं. काही गाड्यांत मोडमुळे ताकद खरोखर कमी होते. टीव्हीएसच्या अपाची आरआर 310 ला 2020 मध्ये चार मोड आले. स्पोर्ट आणि ट्रॅकमध्ये 34 अश्वशक्ती, अर्बन आणि रेनमध्ये 25.8. त्याच वर्षी मोड मिळालेल्या आरटीआर 200 4व्ही मध्ये हा फरक साधारण 20.8 आणि 17.3 असा होता. दुसरीकडे बजाजची पल्सर एनएस400झेड 2024 मध्ये 40 अश्वशक्ती घेऊन आली. तिचे रोड, रेन, स्पोर्ट आणि ऑफ-रोड हे मोड मुख्यतः ॲक्सिलेटरचा प्रतिसाद आणि एबीएसचं वागणं बदलतात. म्हणजे 'रेन' हा शब्द दोन्हीकडे एकच, अर्थ मात्र वेगळा. विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा: खालच्या मोडमध्ये ताकद कमी होते, की नुसती मूठ नरम होते?

आता आकडे आपल्या रस्त्यावर आणून बघा. 2020 ची ती आरआर 310 रेन मोडमध्येही ताशी 125 किलोमीटरपर्यंत जायची. या दोन जिल्ह्यांत ज्या शंभर सीसीच्या गाडीवर शिक्षक शाळेत जातो, दूधवाला फेरी मारतो आणि नवरा-बायको दोन लेकरांसह बाजाराला येतात, तिची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास असते. म्हणजे नव्या गाडीचा सगळ्यात सौम्य मोडसुद्धा इथल्या गरजेच्या तिप्पट आहे.

आणि रस्ता कसला? चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. रात्री रोही किंवा रानडुक्कर आडवं येतं, तेव्हा ते हॉर्न ऐकून थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला माणसं पहाटेच निघतात. घुग्घुसकडे कोळशाची भुकटी रस्त्यावर साचते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. आष्टी-आलापल्लीकडे सुरजागडच्या खनिजाचे ट्रक. सुगीत धानाची पोती भरलेले ट्रॅक्टर, ज्यांना मागे लाल दिवा असेलच असं नाही.

साधं गणित करू. ताशी 60 ने जाताना अडथळा दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. एकूण 37. ताशी 90 ला हेच अंतर 70 च्या घरात जातं. वेग दीडपट, थांबायचं अंतर जवळजवळ दुप्पट. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. एबीएस चाक अडकू देत नाही, पण हे गणित मोडत नाही. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, ते चांगलंच आहे. पण रोह्याला ते माहीत नसतं. आणि डोक्याला मार लागलाच, तर भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या पुढे, आणि तिथून नागपूर तेवढंच लांब.

युरोपात सरकारने यावर पायऱ्या केल्या आहेत. सोळाव्या वर्षी 125 सीसीपर्यंत. अठराव्या वर्षी जास्तीत जास्त 35 किलोवॅट, म्हणजे सुमारे 47.6 अश्वशक्ती. त्यापुढचा परवाना नंतर. गंमत बघा, आपल्या बारामतीत बनणारी एप्रिलिया आरएस 457 बरोबर 47.6 अश्वशक्तीची आहे. तिकडच्या नवशिक्याच्या मर्यादेत बसावी असा तिचा बेत. आपल्याकडे मात्र अठरा वर्षं पूर्ण झाली की एकच परवाना, मग त्यावर शंभर सीसी चालवा की हजार. पायऱ्या नाहीत. म्हणून मला पॉवर मोडचं बटण वाईट वाटत नाही. जो कायदा आपल्याकडे नाही, त्याचं थोडं काम हे बटण करू शकतं, पण दाबणारा शहाणा असेल तर. संगणक इंजिनाला आवरतो, पोराला नाही.

चांदरातीला मोहल्ल्यातली पोरं सायलेन्सर काढून गाड्या फिरवतात, तेव्हा कोणता मोड लावलेला असतो हे सांगायला नको. वरातीपुढे, मिरवणुकीत, निकालाच्या दिवशी इतरांची पोरंही तेच करतात. हा प्रश्न एका समाजाचा नाही. पण आपल्या दारातल्या पोराला आपणच बोललं पाहिजे. ऑटो चालवून, टेलरिंग करून बापाने डाउन पेमेंट भरलेलं असतं. हप्ते तोच फेडणार असतो. गाडी कोणती हे ठरवताना त्याचा शब्द चालला पाहिजे.

भाच्याला मी चार गोष्टी सांगितल्या. ज्या गाडीत खालचा मोड खरी ताकद कमी करतो ती घे. पहिलं वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा, त्याच मोडवर चालव. स्पोर्ट मोडवाल्या महाग मॉडेलचे वाचतील ते पैसे हेल्मेट आणि चांगल्या टायरला लाव. आणि अंधार पडल्यावर मूलच्या रस्त्याला लागू नकोस, मोड कोणताही असो. त्याला शेवटची अट पटलेली नाही. आपाला पटली आहे, आणि गाडीचे पैसे तिच्याकडे आहेत.