पुढची तारीख नको, मुदत द्या

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, सेरेब्रल पाल्सी व अपस्मार असलेल्या मुलांसाठी संशोधन, उपचार व आधार मिळण्याबाबत पालक संघटनेचे मागणीपत्र.

महोदय,

दोन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, हे आधी आईच्या ध्यानात येते. घरचे म्हणतात, "त्याचा काकाही उशिराच बोलायला लागला होता." त्यात वर्ष जाते. पुढे तालुक्याचा दवाखाना, जिल्ह्याची चिठ्ठी, थेरपीची प्रतीक्षायादी. मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते ती वर्षे आमची मुले रांगेत काढतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने हक्क दिले. ते वेळेत पदरी पडतील याची हमी मिळाली नाही. म्हणून आमच्या मागण्या मुदतीसह मांडत आहोत.

1. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात : प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉईडची तपासणी व्हावी. जन्मजात कमतरता वेळीच कळली, तर रोजच्या स्वस्त गोळीने बौद्धिक दिव्यांगता टळते. शेजारच्या गोव्याने नवजात तपासणीचा कार्यक्रम 2008 मध्येच हाती घेतला. अहवाल आशाताईंमार्फत दोन आठवड्यांच्या आत घरी पोहोचावा.

2. संशय आल्यापासून तीस दिवसांत थेरपी : अधिनियमाच्या कलम 25 नुसार प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात, चिठ्ठीही देतात. पण थेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी. आठवड्यातून दोनदा मूल कडेवर घेऊन एसटीने जायचे, तर मजुरी बुडते आणि महिन्याभरात थेरपी सुटते. उपजिल्हा रुग्णालयांत स्पीच व ऑक्युपेशनल थेरपीचे वार ठरवावेत, रिक्त पदे भरावीत आणि आईवडिलांना घरी करायचे व्यायाम शिकवावेत.

3. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र एकाच फेरीत : आमच्या एक सभासद नऊ वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन दोन एसटी बदलून वैद्यकीय मंडळापुढे गेल्या. गर्दी, नावांचा पुकारा, पंख्यांची घरघर. मुलगा कान दाबून फरशीवर आडवा झाला. दुपारी कळले, मानसशास्त्रज्ञ रजेवर आहेत, पुढच्या बुधवारी या. अशा मुलांना वेळ ठरवून बोलवावे, शांत खोली द्यावी आणि तज्ज्ञ नसल्यास आदल्या दिवशी फोन करावा.

4. आकडीच्या औषधात खंड नको : रोजची गोळी चुकली की झटका जिवावर बेतू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका वेळी दोन महिन्यांचे औषध मिळावे. अधिनियमाच्या 21 प्रकारांत अपस्माराचे स्वतंत्र नाव नाही. ते यावे अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

5. संशोधन आमच्या मुलांचे, आमच्या भाषांत : 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांचे प्रमाण सुमारे 12 टक्के असल्याचा अंदाज आहे. ती पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद व उत्तर गोव्यात झाली. महाराष्ट्रातला एकही जिल्हा त्यात नव्हता. 2011 च्या जनगणनेत राज्यातील 29 लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले, पण स्वमग्नतेला वेगळा रकानाच नव्हता. जिथे मोजणी नाही, तिथे तरतूद कशाच्या आधारे होणार? दोन वर्षांत राज्यव्यापी पाहणी व्हावी. त्यात आदिवासी जिल्हे आणि मुंबईतल्या वस्त्याही असाव्यात. चाचण्या मराठीसह अहिराणी, कोरकू, गोंडीत प्रमाणित कराव्यात. घरी कोरकू बोलणारे मूल मराठी प्रश्नाला गप्प राहिले, तर गुण कमी पडतात भाषेचे आणि नोंद होते बुद्धीची. पालकांची संमती घ्यावी आणि निष्कर्ष त्यांना सांगावेत.

6. अठराव्या वाढदिवसानंतर : मोफत शिक्षणाचा हक्क 18 व्या वर्षी संपतो आणि मूल पुन्हा घरात बसते. प्रत्येक तालुक्यात दिवसभराची कार्यशाळा हवी, जिल्ह्यात निवासी आधारगृह हवे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खालील पालकत्वाचे अर्ज स्थानिक स्तर समितीने तीन महिन्यांत निकाली काढावेत. बँकेत, वारसाहक्कात पालकत्वाच्या कागदावाचून अडते. आणि अर्जदार आईवडील स्वतःच साठीच्या पुढचे असतात.

या निवेदनावर 60 दिवसांत लेखी कार्यक्रम मिळावा: कोणते काम, कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपर्यंत. दर तिमाहीला पालकांसह आढावा बैठक व्हावी. पोच दिल्याचे शिक्के आमच्या फायलीत पुष्कळ आहेत. या वेळी उत्तर हवे आहे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद पालक