म्हणे टॅलेंट असलं की झालं!

झुबिन मेहतांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "टॅलेंट असेल तर माणूस कुठूनही वर येतो." कुठूनही? काहीही! झुबिन जन्मायच्या आधीच, १९३५ साली, वडिलांनी बॉम्बे सिम्फनी उभी केली होती. घरचा ऑर्केस्ट्रा! तरी १९५४ मध्ये व्हिएन्ना गाठावंच लागलं. मॉन्ट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क नंतरचं.

साताऱ्या-सांगलीच्या पोराला पेटी मिळेल, मिरजेचा तंबोराही मिळेल. पण कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोर बसलेली ऐंशी माणसं. ती कुठून आणणार? (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा गणपतीत आणि कंडक्टर एसटीत!) सांगलीतून इंजिनियर मात्र ढिगाने निघतात. का? तिथे १९४७ सालीच इंजिनियरिंग कॉलेज निघालं, आजचं वालचंद. टॅलेंट काय फक्त कोडिंगपुरतंच उगवतं का तिथे?