शिलकीतली सेना

‘ऑपरेशन सिंदूर’च्या धामधुमीत, मे २०२५मध्ये, केंद्र सरकारने प्रादेशिक सेनेतील अधिकारी-जवानांना गरजेनुसार सेवेत पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले. पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ बोलावण्याची मुभा मिळाल्याची बातमी सर्वत्र झळकली. त्याच आदेशातील पैशाच्या कलमाकडे मात्र दुर्लक्ष झाले. अर्थसंकल्पात तरतूद असेल किंवा अंतर्गत बचत त्याकडे वळवता येत असेल, तरच पलटण बोलवावी. संरक्षणाखेरीज अन्य मंत्रालयाने मागितली तर खर्च त्या मंत्रालयाच्या खाती टाकावा, असे ते कलम. सरकारी कागदात असे काही असणारच, म्हणून सोडून देता येईल. पण आपली राखीव सेना वाढते की आटते, याचा निकाल याच कलमात आहे.

१९४८च्या कायद्याने उभी राहिलेली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उद्घाटन झालेली ही सेना पोटापाण्याचा उद्योग सांभाळणाऱ्या नागरिकांची. वर्षातून महिना-दोन महिने गणवेश चढवायचा, एरवी आपले काम करायचे. पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या तिच्याच बटालियन. भरतीच्या दिवशी कोल्हापुरात उसळणारी गर्दी पाहिली तर माणसांची वानवा नाही हे कळते. वानवा आहे ती खर्च उचलणाऱ्याची.

रेल्वेचे उदाहरण बोलके आहे. युद्धात किंवा संपात गाड्या चालत्या राहाव्यात म्हणून रेल्वे कर्मचाऱ्यांच्याच प्रादेशिक सेना रेजिमेंट उभारल्या गेल्या. मे १९७४च्या देशव्यापी संपात सरकारला त्या उपयोगी पडल्या. तो वापर कितपत योग्य होता हा वेगळा वाद. २०२१मध्ये अशा सहांपैकी पाच रेजिमेंट मोडीत काढण्याचा निर्णय झाला. झाशी, कोटा, आद्रा, चंडीगड आणि सिकंदराबाद यांना निरोप. उरली जमालपूरची, तीही सिलीगुडीहून रंगियाकडे जाणाऱ्या मोक्याच्या मार्गासाठी. खर्च रेल्वेच्या माथी होता आणि रेल्वेच्या ताळेबंदात युद्धाची तयारी नावाची कमाईची बाब नसते. तेव्हा मंत्रालयाच्या नजरेतून हिशेब चोखच होता. देशाचा हिशेब मांडायला त्या खोलीत कोणी होते का, हा प्रश्न. चालकाने, पॉइंट्समनने वर्षानुवर्षे शिबिरात गिरवलेली शिस्त एका परिपत्रकाने संपते. ती परत आणणारे परिपत्रक अजून कोणाला लिहिता आलेले नाही.

हा शहाणपणा केवळ आपलाच नव्हे. अफगाणिस्तानात ब्रिटिश सैनिक लढत असताना, ऑक्टोबर २००९मध्ये, लंडनच्या संरक्षण खात्याने आपल्या टेरिटोरियल आर्मीचे प्रशिक्षण सहा महिने थांबवण्याचे ठरवले. वाचणार होते दोन कोटी पौंड. ओरड एवढी झाली की महिना संपण्याआधी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना निर्णय गुंडाळावा लागला. पुढच्या सरकारने वेगळीच युक्ती काढली. खडे सैन्य १ लाख २ हजारांवरून ८२ हजारांवर आणायचे आणि उणीव ३० हजार प्रशिक्षित राखीव सैनिकांनी भरून काढायची. कपात ठरल्याप्रमाणे झाली, भरती मात्र मुदतीत झाली नाही. राखीव दल म्हणजे स्वस्तातले सैन्य, हा समज तिथे असा महागात पडला.

आपल्याकडे तोच समज ‘अग्निपथ’च्या वाटेने येतो आहे. चार वर्षांनी २५ टक्के अग्निवीर कायम होणार, बाकीचे घरी. निवृत्तिवेतनाचा भार हलका करण्यात गैर काही नाही. त्या भाराखाली शस्त्रखरेदी दबते हे खरेच. पण पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६च्या अखेरीस भरू लागतात आणि चर्चा अजून निमलष्करी दलांतील राखीव जागा नि खासगी नोकऱ्यांभोवतीच फिरते. ज्यांच्या हाती बंदूक देऊन सरकारने चार वर्षे पैसा ओतला, त्यांना सुरक्षारक्षकाच्या नोकरीची वाट दाखवायची आणि दुसरीकडे राखीव सेनेसाठी नव्याने भरतीचे मैदान आखायचे, याला काटकसर म्हणत नाहीत.

या तरुणांना ठरावीक वर्षे प्रादेशिक सेनेच्या पटावर घ्यावे. वार्षिक शिबिर, त्याचे मानधन आणि शिबिराहून परतल्यावर जागा शाबूत, एवढी हमी पुरे. गणवेशातील सेवेनंतर मूळ नोकरी परत मिळण्याची तजवीज प्रादेशिक सेनेच्या कायद्यात आहेच. ती खासगी मालकांकडून पाळून घेण्याची धमक हवी. आणि खर्च रेल्वे, पेट्रोलियम किंवा राज्यांच्या गळ्यात न घालता संरक्षण अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली, किमान पाच वर्षांसाठी बांधून दाखवावा. अर्थ मंत्रालय कुरकुर करील. पण पहिली तुकडी गावोगाव पांगल्यावर हीच माणसे शोधून पुन्हा मैदानावर आणायची, तर त्याचे बिल याहून मोठे असेल आणि तेही नेमके तेव्हा येईल जेव्हा घासाघीस करायला सवड नसेल.