वसईचा इतिहास किल्ल्याच्या दरवाजापाशी संपत नाही

१/ वसईस जाणारे बहुतेक इतिहासप्रेमी किल्ला पाहतात, चिमाजी आप्पांना वंदन करतात, पडक्या चर्चच्या कमानींची छायाचित्रे घेतात आणि परतीची गाडी धरतात. माझ्या मते हा अर्धाच इतिहास झाला. उरलेला अर्धा आसपासच्या गावांत आहे, आणि तो पायी हिंडूनच वाचता येतो.

२/ पार्श्वभूमी थोडक्यात. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढील दोन शतकांत येथे चर्च उभी राहिली; मंदिरे पाडली गेली, धर्मांतरेही झाली. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला जिंकला.

३/ शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला उपासनेचे स्वातंत्र्य मान्य झाले होते. युरोपीय पाद्री आणि सरदार निघून गेले. शेतकरी, बागायतदार आणि कोळी राहिले. देशी धर्मगुरूंनी धुरा सांभाळली. किल्ल्यातील चर्च ओस पडून ढासळली, गावांतील टिकली. सत्तेच्या आधारावर उभे असलेले सत्तेबरोबर गेले. गावाने आपले मानलेले मात्र उरले.

४/ एक दिवस काढा आणि रमेदी, मर्सेस, निर्मळ, नंदाखाल अशी वाट धरा. वाटेत केळीच्या बागा आणि पानवेली लागतील. पावसाचे पाणी साठवणारी, झाडांनी वेढलेली 'बावखले' दिसतील. घाई करू नका. या इतिहासाचे फलक फार थोड्या ठिकाणी आहेत.

५/ प्रथम नावे ऐका. 'रमेदी' हा 'रेमेदियुश' या पोर्तुगीज शब्दाचा मराठी अवतार. व्याधींवर उपाय करणारी माता, असा त्या चर्चच्या नावाचा भाव. 'मर्सेस' म्हणजे कृपा. चर्चच्या नावाने गाव ओळखले जाऊ लागले आणि गावाने ते नाव आपल्या जिभेवर घडवून घेतले. रमेदीची माता आज भाविकांची 'माउली' आहे.

६/ आता एक पथ्य. फलकावरचे साल बहुधा स्थापनेचे असते, समोरच्या भिंतींचे नव्हे. इमारती वाढल्या, दुरुस्त झाल्या, काही नव्याने बांधल्या गेल्या. म्हणून अंगणातील क्रूसावर कोरलेले साल, जमिनीतील थडग्यांचे दगड आणि बाप्तिस्म्याचे कुंड पाहा. संस्थेचे वय आणि इमारतीचे वय वेगळे मोजणे हा इतिहासाचा पहिला धडा आहे.

७/ मग घंटांचा विचार करा. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या घंटा आज नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीत आहेत. त्या आपण विजयचिन्हे म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण प्रत्येक घंटेला जसे आजचे मंदिर आहे, तसा एक रिकामा झालेला मनोराही होता. दोन्ही ठिकाणे पाहिल्यावाचून त्या घंटेची कथा पुरी होत नाही.

८/ निर्मळला चर्च आहे आणि शंकराचार्यांचे समाधिमंदिरही. मराठी अमलात तेथील मंदिराला पुन्हा ऊर्जितावस्था आली. पाडण्याचा आणि उभारण्याचा, दोन्ही इतिहास एकाच गावात नांदतो. कार्तिकातील यात्रेत दोन्ही धर्मांची माणसे फिरताना दिसतात.

९/ आणि भाषा? येथील ख्रिस्ती घरांत सामवेदी आणि वाडवळी या मराठीच्याच बोली बोलल्या जातात. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले, तेही ओवीबद्ध मराठीत. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या लोकांना 'पोर्तुगीजांचे अवशेष' म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

१०/ 'परकीय जुलमाच्या खुणा कशाला जपायच्या?' असा प्रश्न येईल. जुलूम झाला, तो स्पष्ट लिहिलाच पाहिजे. पण १७३९ नंतरची जवळजवळ तीन शतके या चर्चचे अंगण येथल्याच माणसांनी झाडले आहे. पहिल्या दोन शतकांचा हिशेब मागताना पुढची तीन खोडून टाकणे कोणत्या न्यायात बसते?

११/ वेळ थोडा आहे. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली आणि शहर गावांत शिरले. कौलारू घरे जात आहेत, बावखले बुजत आहेत. किल्ल्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. गावातील जुन्या घराला तसे कवच नाही, आजोबांच्या आठवणीला तर नाहीच.

१२/ म्हणून जा. प्रार्थनेची वेळ टाळा, छायाचित्रापूर्वी परवानगी घ्या, क्रूसांवरील साले वहीत टिपा. परवानगी मिळाली तर बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या जुन्या नोंदवह्यांविषयी विचारा. सामान्य माणसाचे नाव इतिहासात सापडण्याची ती विरळ जागा आहे. आणि ओटीवर बसलेल्या एखाद्या वृद्धेला तिच्या बोलीत चार वाक्ये बोलायला सांगा. ती ऐकताना अनुवादक लागणार नाही.