घर आणि संगणक : डीव्हीडी रायटर घेण्यापूर्वी



दापोली तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "भाईजान कुवेतहून दोन महिन्यांच्या रजेवर आले आहेत. माझ्या निकाहच्या दोन व्हीएचएस कॅसेट घरी आहेत. व्हीसीआर अजून चालतो, पण किती दिवस चालेल सांगता येत नाही. कॅसेटची डीव्हीडी करावी म्हणून रायटर घ्यायला गेलो, तर दुकानदाराने विचारले, मायनस आर हवी की प्लस आर? आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. काय घ्यावे?"

दुकानदाराचा प्रश्न रायटरचा नव्हता, डिस्कचा होता. रायटर निवडणे आता सोपे झाले आहे. लोक फसतात ते डिस्क निवडताना. मीही फसलो आहे, ते पुढे सांगतो.

आधी रायटर. मायनस आणि प्लस असे दोन्ही प्रकार लिहिणारा रायटर घ्या. सध्या दुकानात मिळणारे बहुतेक रायटर तसेच असतात, तरी खोक्यावर पाहून खात्री करा. दुसरी गोष्ट, आपला संगणक उघडून पाहा किंवा जाणकाराला दाखवा. जुन्या संगणकात आयडीई पद्धतीची रुंद, चपटी पट्टी असते, नव्यात साटा पद्धतीची अरुंद केबल. रायटर त्याच पद्धतीचा हवा. लॅपटॉप असेल तर यूएसबीला जोडायचा, बाहेरचा रायटर मिळतो. मात्र लॅपटॉपचे यूएसबी २.० असावे. जुन्या १.१ वर काम रखडते.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. रायटर फक्त डिस्क लिहितो. कॅसेटमधले चित्र संगणकात आणण्यासाठी कॅप्चर कार्ड किंवा व्हिडिओ इनपुट असलेले टीव्ही ट्यूनर कार्ड वेगळे लागते. त्याचा खर्च आधीच धरा.

आता डिस्क. डीव्हीडी-आर पायोनिअर कंपनीने १९९७ मध्ये आणली. पुढे फिलिप्स, सोनी वगैरे कंपन्यांच्या गटाने २००२ मध्ये डीव्हीडी+आर बाजारात आणली. वजा आणि अधिक या दोन गटांच्या खुणा आहेत, त्यावरून एक कमी आणि दुसरी जास्त असे समजू नये. दोन्हींवर ४.७ जीबी मावते आणि दोन्ही एकदाच लिहिता येतात. संगणक हाच आकडा ४.३८ दाखवतो, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. डिस्कवाले हजाराने मोजतात, संगणक १०२४ ने मोजतो.

मग कोणती घ्यावी? टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर मायनस आर घ्या. जुन्या प्लेअरवर ती चालण्याची शक्यता अधिक असते. नव्या प्लेअरवर सहसा दोन्ही चालतात.

ज्यांच्या नावात आरडब्ल्यू आहे त्या पुसून साधारण १००० वेळा पुन्हा लिहिता येतात. रोजच्या कामाच्या फायलींसाठी त्या उत्तम. निकाहसाठी नकोत, कारण जे मुद्दाम पुसता येते ते कुणाच्या तरी हातून चुकूनही पुसले जाते. डबल लेअर डिस्कवर ८.५ जीबी मावते, पण ती महाग पडते आणि जुन्या प्लेअरवर अडते. चांगल्या दर्जाचे चित्र साध्या डिस्कवर सुमारे दोन तास बसते. कॅसेट तीन तासांची असेल तर ओढूनताणून एकीत बसवू नका, दोन डिस्क करा.

आता माझी चूक. धाकट्या बहिणीच्या निकाहची कॅसेट मी अशीच डिस्कवर घेतली होती. ५० डिस्कचा स्वस्त डबा आणला आणि सर्वांत जास्त वेग निवडला. पहिली पाच मिनिटे पाहून खूश झालो आणि कॅसेट जागा अडवते म्हणून भंगारात दिली. दोन वर्षांनी सारे घर पाहायला बसले. निकाह दिसला, जेवणाच्या पंगती दिसल्या आणि रुखसतीपाशी चित्र गोठले. डिस्कवर आतून बाहेर लिहिले जाते, त्यामुळे कॅसेटचा शेवट डिस्कच्या बाहेरच्या कडेला येतो आणि खराबी बहुधा तिथूनच सुरू होते. त्या शेवटात अब्बा बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून दुआ देत होते. अब्बा आता नाहीत. त्यांचा आवाज असलेली आमच्याकडची ती एकच ठेव होती. बहीण काही बोलली नाही, उठून चहा करायला गेली.

असे का होते? लिहिण्याच्या डिस्कमध्ये रंगाचा पातळ थर असतो. लेझरचा किरण त्यावर बारीक डाग पाडतो आणि प्लेअर ते डाग वाचतो. थर हलका असेल, कडेला नीट चिकटलेला नसेल किंवा ऊन आणि दमट हवा लागली, तर डाग पुसट होतात. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात तर विशेष काळजी हवी. म्हणून एवढे पाळा :

१. ठेवणीच्या कामासाठी नावाजलेल्या कंपनीची, एकेका डबीत मिळणारी डिस्क घ्या. उरलेला डबा गाण्यांसाठी वापरा.

२. डिस्कवर १६ एक्स लिहिले असले तरी ८ एक्सने लिहा. भरलेल्या डिस्कला दहा मिनिटांच्या आत-बाहेर लागतात, घाई कशाला?

३. लोडशेडिंगची वेळ पाहूनच बसा. मध्येच वीज गेली तर एकदा लिहिण्याची डिस्क वाया जाते.

४. फाईल नुसती उतरवू नका. सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी-व्हिडिओ हा प्रकार निवडा आणि शेवटी फायनलाइझ करा. नाहीतर ती संगणकावर दिसेल, टीव्हीवर नाही. छोट्या डिस्कचा हॅंडीकॅम असेल तर त्याच कॅमेऱ्यात फायनलाइझ करा.

५. व्हेरिफायची खूण करा. मग डिस्क टीव्हीवर लावून शेवटची दहा मिनिटे पाहा, पहिली नव्हे.

६. कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेन वापरू नका. मऊ टोकाच्या मार्करने नाव आणि तारीख लिहा. डबीत उभी, उन्हापासून दूर ठेवा.

७. दोन प्रती करा, शक्य तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर. एक आपल्या घरी, एक माहेरी किंवा भावाकडे. कुवेतला नेली तरी चालेल. घरी केलेल्या डिस्कला विकतच्या सिनेमासारखे रीजनचे बंधन नसते आणि तिकडेही आपल्यासारखीच पाल पद्धत आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर तिथे एनटीएससी चालते, हे ध्यानात ठेवा.

८. दर दोन वर्षांनी लावून पाहा. अडखळू लागली तर लगेच नवी प्रत करा.

आणि कॅसेट फेकू नका. भगिनी, भाईजानची रजा संपण्याआधी व्हीसीआरचे हेड साफ करून घ्या आणि काम सुरू करा. रायटर बिघडला तर दुसरा मिळेल. कॅसेट एकच आहे.

पुढील अंकात जुन्या ऑडिओ कॅसेटमधले आवाज संगणकात कसे घ्यावेत ते पाहू, इन्शाअल्लाह. तोवर तुमच्या घरच्या कॅसेट काढून त्यांवर नावे लिहून ठेवा.